हवा खाणारी झाडं

आबा, म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे कायमचे राहायला आले ते दम लागायला लागल्यावर. तरुणपणी धुळ्याकडून सुरतेला येऊन त्यांनी सगळी हयात कतारगामच्या लूम्सच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, काढली होती. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं नाही आणि धाग्याची बारीक धूळ केसांवर, भुवयांवर बसून माणसं अकाली म्हातारी दिसायची. ती धूळ आता छातीत जाऊन बसली होती. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी ओढायचा पंप दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "बेन, यांना चांगली हवा पाहिजे."

चांगली हवा. मी मान हलवली, पण घरी येताना रिक्षात तेच डोक्यात फिरत होतं. आमचं घर पर्वत पाटियाजवळ, तिसऱ्या मजल्यावर. मागच्या खिडकीतून खाडीचा वास, पुढच्या खिडकीतून रस्त्याच्या कामाची धूळ. वाळत घातलेल्या कपड्यांवर कधीकधी काजळीचे ठिपके. त्यात मी घरी बसून साड्यांवर खडे चिकटवायचं काम करायचे. त्या गमचा वास असा की दुपारपर्यंत माझंच डोकं भणभणायचं. मिस्टर शहराबाहेर, सचिन भागातल्या एका डाइंग मिलमध्ये. ते घरी आले की त्यांच्या शर्टालाही रसायनाचा उग्र वास. चांगली हवा मी कुठून आणणार होते?

मोबाइलवर एका बाईचा व्हिडिओ पाहिला. तिच्या घरात पांढऱ्या भिंती आणि जिकडेतिकडे हिरवी पानं. ती सांगत होती, अमुक झाड विषारी वायू शोषून घेतं, तमुक झाड प्राणवायू देतं. मी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला. मग चौकात झाडांची लारी, म्हणजे हातगाडी, लागायची तिथे गेले आणि स्नेक प्लांट, स्पायडर प्लांट, एक पाम आणि पांढऱ्या फुलाची पीस लिली घेऊन आले. मनी प्लांटची वेल शेजारच्या माशींनी, म्हणजे मावशींनी, दिली. आबा बाहेरच्या खोलीत दिवाणावर झोपायचे. झाडं मी तिथेच, त्यांच्या उशापायथ्याशी मांडली. आजारी माणसाभोवती काहीतरी जिवंत, हिरवं असावं असं मला वाटत होतं.

आबा पहिल्या दिवशी कुंड्यांकडे नुसते बघत राहिले. दोन-तीन दिवसांनी मी सकाळी उठले तर सगळ्या कुंड्या बाहेर पॅसेजमध्ये, चपलांच्या शेजारी रांगेने.

"आबा, ही झाडं कोणी बाहेर काढली?"

"मी काढी." त्यांना दम लागला होता. एवढ्या कुंड्या उचलायच्या म्हणजे त्यांच्या अंगात बळ कुठून आलं असेल? "माय, या झाडे रातले हवा खातस. मंग मनासाठे काय उरस?"

माझं माहेर बुलढाण्याकडचं. अहिराणी मला कळायची, जिभेवर मात्र कधी बसली नाही. मी माझ्या मराठीत त्यांना समजावलं की ही झाडं हवा खात नाहीत, स्वच्छ करतात. ते म्हणाले, त्यांच्या गावाकडे रात्री पिंपळाखाली कुणी झोपत नाही. झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. मी हसले नाही, कारण त्यांच्या डोळ्यांत खरी भीती होती. ज्याला प्रत्येक श्वास मोजून मिळतो त्याला दुसरं कुणी त्याच हवेवर जगतंय हे सहन होत नसावं.

मुलगी तेव्हा दहावीत होती. तिने पुस्तक आणून आबांना वाचून दाखवलं. "आबा, रात्री झाडं श्वास घेतात हे बराबर छे, पण अगदी थोडा. माझ्यापेक्षा पण कमी. मग मलाही बाहेर काढाल का?"

आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "तुले समजाव नही."

शेवटी तोडगा निघाला. दिवसभर झाडं आत, तिन्हीसांजा झाल्या की पॅसेजमध्ये. संध्याकाळी दिवा लावला की आबा दिवाणावर उठून बसायचे आणि मी शेवटची कुंडी बाहेर नेईपर्यंत नजर हलवायचे नाहीत.

थंडी पडली तशी घराची दारं-खिडक्या बंद झाली. सुरतेची थंडी ती केवढी, पण आबांना गार हवा लागली की खोकल्याची उबळ यायची, म्हणून मीच पुढची खिडकी लावून घेतली. मागची खाडीमुळे बंदच असायची. बाथरूमच्या झरोक्यात कबुतरांनी घर केलं होतं, घाण आत पडायची. मिस्टरांनी तिथे जाड प्लॅस्टिक ताणून चारी बाजूंनी टेप मारून टाकली. त्याच सुमारास जुना विजेचा गीझर बिघडला आणि त्याच्या जागी गॅसचा बसवला. बटण नाही, वाट बघणं नाही. नळ सोडला की आत निळी ज्योत भडकन पेटायची आणि कढत पाणी यायचं. आम्हाला त्याचं मोठं कौतुक वाटलं होतं.

त्यानंतरच्या दिवसांत घरात काहीतरी बदललं. काय ते बोट ठेवून सांगता आलं नसतं. सकाळची आंघोळपांघोळ उरकून मी साड्या घेऊन बसले की कपाळात ठणका सुरू व्हायचा. मला वाटायचं गमचा वास. मिस्टर पहाटे निघून जायचे, त्यांना काही जाणवायचं नाही. मुलगी एकदा शाळेत जायच्या आधी ओकली. मला वाटलं, आदल्या दिवशी लारीवर काहीबाही खाल्लं असेल. आणि आबा. आबांचं तर रोजचं झालं.

"घरमा डोकं जड व्हस. खाले गयो की बरं वाटस."

ते खरोखर जिना उतरून खाली पार्किंगमध्ये जाऊन बसायचे. दम लागलेल्या माणसाने तीन मजले उतरायचे आणि परत चढायचे. वॉचमनच्या खुर्चीशेजारी बाकड्यावर बसलेले मी त्यांना वरून पाहायचे. तिथे तर गाड्यांचा धूर, तरी चेहरा मोकळा. वर आले की तासाभरात पुन्हा कपाळ दाबून धरायचे आणि झाडांकडे बोट दाखवायचे. आता त्यांचं म्हणणं होतं की ती दिवसाही हवा खायला लागली आहेत. त्यांना चटक लागली आहे.

मी मिस्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हातारपणी होतं असं. डॉक्टरकडे जाऊन ये."

पण खरं सांगायचं तर तोपर्यंत मलाही भीती वाटायला लागली होती. आबांसाठी नाही, झाडांचीच. दुपारी आबा खाली गेलेले आणि घरात कुणी नसताना मी खाली मान घालून खडे लावत बसायचे आणि एकदम वाटायचं की पाठीमागे कुणीतरी उभं आहे. वळून बघायचे तर पामची पानं. पंखा बंद, खिडक्या बंद, आणि पानं अगदी स्थिर. एवढी स्थिर की जणू ती श्वास रोखून आहेत. एक दिवस पीस लिलीने माना टाकल्या. पाणी घातलं, तरी तिची पानं कुंडीच्या काठावर लोळत राहिली. फूल तपकिरी पडलं. मला नीट झोप लागेना. आपण घरात काय आणून ठेवलंय, कुठल्या कीटकनाशकात बुडवलेली झाडं त्या लारीवाल्याने दिली, असले विचार येत राहायचे. मी मोबाइलवर शोधलं तर अर्धी माणसं झाडांची स्तुती करणारी आणि अर्धी त्यांची पानं विषारी असतात म्हणणारी. मग मी ती लिली कुंडीसकट कचऱ्यात दिली आणि हात साबणाने कितीदा धुतले कोण जाणे.

ती गेल्यावरही डोकं दुखायचं थांबलं नाही.

रविवार होता, मुलीची केस धुवायची सकाळ. मिलमध्ये रविवारची सुट्टी नेहमी मिळायची नाही, त्यामुळे मिस्टर कामावर. मी ओट्यापाशी पोळ्या लाटत होते. आबा दिवाणावर. मुलगी टॉवेल घेऊन बाथरूममध्ये गेली आणि तिने आतून कडी लावली. नळ सुरू झाला. ती आत गाणं म्हणायची नेहमी, त्या दिवशीही सुरुवातीला म्हणत होती. तिचे केस लांब, वेळ लागायचाच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पोळ्या झाल्या. भाजी फोडणीला टाकली.

आबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. भिंतीला धरून.

"पानी एकसारखं पडी राहिनं," ते म्हणाले. "पोर बोलस का नही देख."

मी हात पुसत बाथरूमच्या दाराशी गेले. हाक मारली. पाण्याचा आवाज येत होता, पण बादलीत पडल्यासारखा नाही, सरळ फरशीवर पडल्यासारखा. त्या आवाजात अंगावर पाणी घेणाऱ्या माणसाची हालचाल नव्हती. मी पुन्हा हाक मारली. दार वाजवलं. मग दोन्ही हातांनी वाजवलं. दाराच्या फटीतून वाफ येत होती आणि आतून काही म्हणजे काही उत्तर नाही.

मी दाराला खांदा लावला तर दार हलेना. आबांनीही हात लावला. ते ढकलत होते आणि त्यांच्या घशातून शिट्टीसारखा आवाज येत होता. मी बाहेरचं दार उघडून पॅसेजमध्ये ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही, नाव घेऊन ओरडले असेन.

शेजारच्या माशी धावत आल्या. माशी म्हणजे आमच्या मजल्यावरच्या गुजराती बाई, पोरं परदेशी, एकट्या राहतात, अंगाने धिप्पाड. पॅसेजमधला जड पाटा, जो त्यांच्याच घराबाहेर पडून होता, तो उचलून त्यांनी कडीच्या जागी घातला. एकदा, पुन्हा एकदा. कडीचे स्क्रू निघाले आणि दार आत गेलं, पण अर्धंच, कारण माझी मुलगी दाराला टेकून पडली होती.

फटीतून हात घालून मी तिला ओढलं. अंग गरम पाण्याने भिजलेलं, मान लुळी. डोळे अर्धवट उघडे आणि त्यांत मी नव्हते. मला आठवतं, मी तिचं तोंड दोन्ही हातांत धरून बोलत होते आणि ती ऐकत नव्हती. वर निळी ज्योत शांतपणे जळत होती. माशींनी नळ बंद केला, गॅसच्या बाटल्याचा कॉक फिरवला आणि मला म्हणाल्या, "बारी खोलो. पेलां बारी खोलो, पछी रडजो."

आधी खिडकी उघड, मग रड. मला काही सुचत नव्हतं, पण हुकूम पाळता येत होता. पुढची खिडकी, मागची खिडकी, बाल्कनीचं दार, सगळं उघडलं. मग आम्ही दोघींनी तिला चादरीत गुंडाळून पॅसेजमध्ये आणलं. तिथे अजून आत न घेतलेल्या कुंड्यांच्या मधे जागा करून तिला फरशीवर निजवलं. खाडीचा वास आत घुसला होता. इतकी वर्षं ज्या वासाला मी शिव्या दिल्या, तो मी तोंड उघडून आत घेत होते.

तिने श्वास घेतला. खरं म्हणजे ती आधीपासून घेतच असणार, पण मला दिसला तो तेव्हा. मग ती कण्हली आणि बाजूला वळून ओकली. आबा उंबऱ्यात बसले होते. त्यांचा स्वतःचा दम इतका वाढला होता की पंपही नीट ओढता येत नव्हता, तरी ते तिच्याकडे बघून एकच शब्द म्हणत होते, "ऊठ, माय. ऊठ."

रिक्षातून दोघांना दवाखान्यात नेलं. तिला ऑक्सिजनचा मास्क लावला. तरुण डॉक्टर होते, त्यांनी नाडी बघता बघता पहिला प्रश्न विचारला, "पाणी कशावर तापवता?"

मी सांगितलं.

"बाथरूमला खिडकी आहे?"

"झरोका आहे. पण बंद केलाय. कबुतरांमुळे."

त्यांनी मान वर केली. "घरात आणखी कुणाचं डोकं दुखतं? सकाळी? बाहेर गेलं की बरं वाटतं?"

मी आबांकडे बघितलं. त्यांनाही पलीकडच्या खाटेवर झोपवून मास्क लावला होता. मास्कच्या वर त्यांचे डोळे उघडे होते आणि ते ऐकत होते. डॉक्टरांनी सावकाश समजावून सांगितलं. गॅस कोंडलेल्या जागेत जळला की त्यातून एक असा वायू निघतो ज्याला ना वास ना रंग. तो रक्तात शिरला की श्वास चालू राहतो, पण शरीराला हवा मिळत नाही. बाथरूममध्ये सगळ्यात जास्त, पण दार उघडलं की तो घरभर पसरतो आणि खिडक्या बंद असल्या तर बाहेर जात नाही. आणखी थोडा वेळ गेला असता तर, असं म्हणून ते थांबले आणि पुढचं वाक्य बोललेच नाहीत. ते न बोललेलं वाक्य मी अजून ऐकते.

मी विचारलं, "आमच्या घरात झाडं आहेत. हवा शुद्ध करणारी. त्यांनी काहीच..."

ते हसले नाहीत, हे मी विसरणार नाही. म्हणाले, "ठेवा ना झाडं. छान दिसतात, मन रमतं. पण बंद घरात चार कुंड्यांनी हवा बदलत नाही. हवा खिडकीने बदलते."

मिस्टर मिलमधून थेट दवाखान्यात आले. मुलीने डोळे उघडून "पप्पा" म्हटल्यावर ते बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. घरी आल्यावर त्यांनी बाथरूमच्या झरोक्याचं प्लॅस्टिक हातांनीच फाडलं. टेपबरोबर रंगाचे पोपडे निघाले, नखातून रक्त आलं. गीझर त्याच दिवशी भिंतीवरून उतरला.

मुलगी बरी झाली. काही आठवडे ती शब्द विसरायची. चमच्याला "ते, ते" म्हणायची आणि स्वतःच घाबरून रडायची. तेव्हा मला वाटायचं की आपल्याला मुलगी परत मिळाली ती पूर्ण मिळाली नाही. मी तिला रोज पाढे म्हणायला लावायचे आणि ती एखाद्या ठिकाणी अडली की पुढचा आकडा मीच पुटपुटायचे. हळूहळू शब्द परत आले. दहावीची परीक्षा तिने दिली. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात.

आबा एकदा जेवताना म्हणाले, "मी त्या झाडेसले दोष देई राहिंतू."

मी म्हटलं, "मीही देत होते, आबा."

पण त्याने त्यांची झाडांशी मैत्री झाली असं नाही. ते म्हणाले, विषारी वायू वेगळा आणि झाडं वेगळी, पण रात्री ती बाहेरच बरी. मी वाद घातला नाही. कुंड्या बाल्कनीत गेल्या त्या तिथेच राहिल्या. आबा पुढे दीड-दोन वर्षं राहिले आमच्यात. दिवाण खिडकीला लावून घेतला होता. थंडीतही खिडकी किलकिली असायची, डोक्याला मफलर गुंडाळून ते त्या फटीकडे तोंड करून झोपायचे. खोकला वाढला तरी खिडकी लावू द्यायचे नाहीत.

माझी भीती मात्र गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. घरात कुणी आंघोळीला गेलं की मी हातातलं काम सोडून बाहेर उभी राहते. आतून आवाज हवा. मिस्टर चिडतात, म्हणतात, "जिवंत आहे मी," आणि तरीही मधूनमधून बादली आपटतात, माझ्यासाठी. कुणाच्या घरी पाहुणी गेले तर आधी बाथरूमचा झरोका बघून येते. एका नातेवाइकांच्या घरी तसाच गीझर दिसला, झरोक्याला वर्तमानपत्र चिकटवलेलं. मी बोलत बसले नाही, सरळ ते फाडून काढलं. त्यांना राग आला. येऊ दे.

यंदा मुलगी नर्सिंगला लागली, बडोद्याला. हॉस्टेलवर सोडायला आम्ही दोघे गेलो होतो. खोलीत तिच्या पलंगाशेजारच्या मुलीने खिडकीत छोटी कुंडी ठेवली होती. मुली ओळख करून घेत हसत होत्या. मी रेक्टरबाईंना विचारलं, "इथे आंघोळीचं पाणी कशावर तापतं?"

"सोलर आहे, गच्चीवर," त्या म्हणाल्या. त्यांना तो प्रश्न विचित्र वाटला असावा.

तरीही मी बाथरूम बघायला गेले. रांगेने दारं, प्रत्येकाला वर जाळी, जाळीतून ऊन आत येत होतं. मी हात वर करून जाळीपाशी धरला. वारा लागत होता. मुलगी मागे येऊन उभी राहिली होती. म्हणाली, "मम्मी, मी कडी नाही लावणार. नुसतं दार लोटेन."

परतीच्या बसमध्ये मिस्टरांना झोप लागली. मी शेजारची काच सरकवून ठेवली होती. भरूच गेलं तरी मला राहून राहून वाटत होतं, ती आत्ता आंघोळीला गेली असेल का, आणि दाराबाहेर कुणी उभं आहे का.